सायकलीचीं चाकें कशीं निवडावींत



आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना हंसूं आलें असेल. सायकलीला दोन चाकें असतात आणि तीं तिच्याबरोबरच घरीं येतात. मग त्यांची निराळी निवड ती कसली करावयाची? दोन वर्षांपूर्वीं माझेंही मत हेंच होतें. परंतु ज्या घरांत अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बारीक टायरांची, वांकड्या मुठींची शर्यती सायकल, जिला हल्लीं रोड बाईक म्हणतात, ती वापरीत असेल, त्या घरांत आज ना उद्यां एक दिवस असा येतोच कीं, तें मूल बापापुढें उभें राहून म्हणतें, "मला नवीं चाकें पाहिजेत." किंमत विचारावी, तर बापाच्या पहिल्या मोटारसायकलीच्या किंमतीचा आंकडा कानीं पडतो. हा प्रसंग माझ्यावर गुदरला. त्यांत मीं एकदां चूक केली. त्या चुकीचें फळ माझ्या नातवाला भोगावें लागलें. आणि त्यानंतर मी हा विषय मुळापासून शिकलों. माझा अधिकार तेवढाच.

१९७९ सालीं मी कंधार तालुक्यांतील एका गांवीं शाळेवर रुजू झालों, तेव्हां माझी सायकल त्या काळच्या सर्वांच्या सायकलीसारखीच होती. अठ्ठावीस इंची, काळी, सळयांच्या ब्रेकची. तिच्या पुढल्या चाकाला ३२ आरे व मागल्या चाकाला ४०. सायकलवाले ज्यांना स्पोक किंवा नुसत्या तारा म्हणतात, त्यांनाच मी आरे म्हणत आहें. मार्गशीर्षांत माळेगांवची खंडोबाची यात्रा आली कीं, शेतकरी आपल्या बैलगाड्यांचीं चाकें सुतार-लोहारांकडून तपासून घेत, सैल झालेली लोखंडी धांव तापवून पुन्हां चढवीत. आणि मी माझ्या सायकलीचा 'आऊट' काढून घेईं. चाक डावीकडे-उजवीकडे लचकत फिरूं लागलें म्हणजे त्याचे आरे कमीजास्त आंवळून तें सरळ करण्याला आऊट काढणें म्हणतात, हें सांगावयास नकोच. चाकाची काळजी म्हणून जी कांहीं घ्यावयाची, ती आमच्या काळीं तेवढीच होती.

माझ्या मुलीचा मुलगा लातुरास महाविद्यालयांत शिकतो. त्यानें जुनी रोड बाईक मिळविली. वर्षभरांत तिच्या मागल्या चाकाचा मधला तुंबा, म्हणजे हब, झिजून खडखडूं लागला. पुढलें चाक उत्तम होतें. नातवाचा वाढदिवस जवळ आला होता, मी एका मोठ्या शहरीं गेलों होतों, आणि तेथील एका दुकानांत मला चाकांची एक जोडी दिसली. काळीभोर, उंच कडांची, मागल्या चाकाला अवघे २० चपटे आरे. किंमत ९,००० रुपये. दुकानदार म्हणाला, हीं हलकीं आहेत. मीं पैसे मोजले. जोडी घ्यावयाची ती आपली संवय. लग्नांत काय किंवा चपलांच्या दुकानांत काय, आपण एक वस्तु कधीं मागत नाहीं. घरीं आल्यावर चांगलें जुनें पुढलें चाक माळ्यावर गेलें.

येथें दोनशें किलोमीटरांच्या फेरीविषयीं सांगावयास पाहिजे. फ्रान्समधील एका जुन्या मंडळाच्या नियमांनुसार जगभर लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या होतात. २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पुरें करावयाचें, ही त्यांची पहिली पायरी. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा असा कोणी नसतो. महाराष्ट्रांत हें वेड आतां चांगलेंच पसरलें आहे. २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनीं अमेरिका आडवी ओलांडण्याची अतिकठीण सायकल-शर्यत दोघांनीं मिळून पुरी केली आणि २०१७ सालीं नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनीं ती एकट्यानें पुरी केली, तेव्हांपासून आपल्याकडील मुलांना हें आपलेंही काम आहे असें वाटूं लागलें. माझ्या नातवानें व त्याच्या दोन मित्रांनीं या नियमाबरहुकूम आपला स्वतःचा रस्ता आंखला : लातुराहून चाकूर, अहमदपूर करीत लोह्यापर्यंत जावयाचें आणि त्याच वाटेनें परत. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारें ६३० मीटर उंच, तर नांदेड सुमारें ३६०. त्यामुळें या रस्त्यावर नांदेडच्या दिशेनें जातांना एकंदर उतार आणि परततांना थकल्या पायांना बालाघाटचा चढ.

परतीच्या वाटेवर, अहमदपूरच्या अलीकडे, एका छोट्या उतारावर मागल्या चाकाचा एक आरा तुटला. वीस आऱ्यांतून एक गेला म्हणजे चाकाची कडा, म्हणजे रिम, एकदम बाजूला ओढली जाते. ती ब्रेकच्या रबराला जाऊन भिडली, चाक अडकलें आणि मुलगा रस्त्याच्या कडेला फेंकला गेला. मागून मालमोटार येत होती, ती वेळेवर थांबली. मनगटाचें हाड मोडलें, सहा आठवडे प्लास्टर. रात्रीं मुलीचा फोन आला. "अण्णा, त्याला वजनाचा हिशेब विचारला होतात, कीं नुसती किंमत पाहिली होती?" मला उत्तर देतां आलें नाहीं. त्यानंतर चाकांचा विषय त्या घरांत बंद झाला.

तो पुन्हां निघाला तो आठ महिन्यांनीं. नातवानें शिकवण्या करून १२,००० रुपये जमविले होते आणि ते घेऊन तो नांदेडला माझ्याकडे आला. आईला त्यानें कांहीं सांगितलें नव्हतें. "आबा, या वेळीं आपण दोघे मिळून पाहूं," असें तो म्हणाला. मीं पहिली गोष्ट ही केली कीं, मुलीला फोन करून सर्व सांगितलें. आणि दुसरी ही कीं, तें मोडकें चाक घेऊन जुन्या नांदेडांतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों.

मिस्त्रींनीं चाक मांडीवर घेतलें आणि सतारीच्या तारा छेडाव्या तसे एकेक आरे नखानें छेडले. कांहीं टणटणले, कांहीं नुसतेच थडथडले. त्यांनीं मान हलविली. हलकेपणामुळें हें चाक मोडलें असें नव्हे, ते म्हणाले. तें नीट ताणलेलेंच नव्हतें.

ह्या एका वाक्यांत सायकलीच्या चाकाचें सर्व शास्त्र आहे. बैलगाडीचा आरा खांबासारखा असतो. गाडीचा भार खालच्या आऱ्यावर दाबून बसतो. सायकलीचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. ती दाबली तर वांकेल. म्हणून ती आधींच जोरानें ताणून ठेवलेली असते. भार येतो तेव्हां खालच्या आऱ्यांचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो, आणि चाक फिरून ते वर गेले कीं पूर्ववत् होतो. ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाची ही कल्पना इंग्लंडांतील जॉर्ज केली यांनीं १८०८ सालीं मांडली. आरे तुंब्याला तिरपे लावण्याची युक्ति जेम्स स्टार्ली यांनीं १८७४ सालीं काढली. आणि जॉब्स्ट ब्रँड्ट या अमेरिकन यंत्रज्ञानें १९८१ सालीं या चाकावर एक संबंध पुस्तक लिहिलें. दोनशें किलोमीटरांत चाक सुमारें ९४,००० वेळां फिरतें. जो आरा मुळांतच ढिला आहे तो प्रत्येक फेऱ्याला पुरता सैल पडतो आणि पुन्हां ताणला जातो. तार मागेंपुढें वांकवून तोडावी तसा तो तुंब्याजवळच्या वांकणांत तुटतो. त्यांतही मागल्या चाकाची गोष्ट अधिक अवघड. उजव्या बाजूला दांत्यांच्या चकत्या असल्यामुळें त्या बाजूचे आरे उभे व फार ताणलेले, तर डाव्या बाजूचे तिरपे व कमी ताणलेले असतात. शिवाय बसणाऱ्याचा बहुतेक भार मागेंच असतो. म्हणून पैसे थोडे असतील तर ते आधीं मागल्या चाकावर खर्चावेत. जोडी घेण्याचें कांहीं कारण नाहीं.

आतां आम्हीं काय काय पाहिलें तें सांगतों.

सर्वांत आधीं माप. बहुतेक पैसे वायां जातात ते येथेंच. माझ्या जुन्या सायकलीचें चाक अठ्ठावीस इंची आणि नातवाच्या चाकालाही लोक अठ्ठावीस इंची म्हणतात. परंतु टायर जेथें बसतो तेथें माझ्या रिमेचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि त्याच्या रिमेचा ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाहीं. रोड बाईकच्या चाकाला ७०० सी म्हणतात, पण टायरवर बारीक अक्षरांत कोरलेला ६२२ हा आंकडा पाहून घ्यावा. मग ब्रेक. रबराचे ब्रेक रिमेला धरतात. डिस्क ब्रेक तुंब्यावरील तबकडीला धरतात. दोहोंचीं चाकें निराळीं. रबरी ब्रेकच्या रोड बाईकला मागें तुंब्याची रुंदी १३० मिलिमीटर लागते. डिस्क ब्रेकच्या हल्लींच्या सायकलींना बहुधा १४२, आणि आंस आरपार जाणारा. नंतर दांत्यांच्या चकत्या. स्वस्त सायकलींत त्या तुंब्यावर आट्यांनीं घट्ट बसविलेल्या असतात, बऱ्या सायकलींत खांचांवर सरकविलेल्या. यांतला कोणता प्रकार आपल्याकडे आहे हें पाहिल्याशिवाय चाक मागवूं नये. नातवाच्या मागल्या चाकाला आठ चकत्या आहेत. अकरा चकत्यांचा तुंबा घेतला तर पावणेदोन मिलिमीटरांहून किंचित् जाड असें एक कडें घालून आठ, नऊ किंवा दहा चकत्याही त्यावर चालतात. तो तुंबा पुढें कामास येईल म्हणून आम्हीं तोच घेतला.

वजनाकडे आतां येतों, कारण तरुण मंडळी तेथूनच प्रारंभ करतात. साधीं मिश्रधातूचीं चाकें जोडीनें दोन किलोच्या आसपास भरतात. महाग घेतलीं तर त्यांत चार-पांचशें ग्रॅम वांचतात. नातू, सायकल, पाणी व हत्यारें मिळून वजन ८३ किलो. अर्धा किलो म्हणजे त्याचा शेंकडा अर्ध्याहून थोडासा अधिक भाग. नांदेडपासून लातूरपर्यंतची २७० मीटर उंची चढतांना अर्धा किलो वांचल्यानें शरीराची जी शक्ति वांचते, ती भाकरीच्या एका लहान घासाइतकीही नाहीं. कडेचें वजन दुप्पट धरावें असें म्हणतात. तें खरें आहे, पण वेग वाढवीत असतां. एका गतीनें चालत असतां नव्हे. शर्यतींत क्षणोक्षणीं वेग बदलणाऱ्याला त्याचा उपयोग. दोनशें किलोमीटर शांतपणें चालणाऱ्यानें अर्धा लिटर पाणी कमी नेलें तरी तेवढेंच वजन वांचेल. मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हा प्रयोग कोणीं करूं नये.

उंच कडांचीं चाकें हवा कापतात, हेंही असत्य नाहीं. परंतु हवेला तोंड देण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनानें वाढते. ताशीं ४० किलोमीटरांनीं जाणाऱ्याला ती २२ किलोमीटरांनीं जाणाऱ्याच्या सहापट लागते. आमचा मुलगा दुसऱ्या वर्गांतला. शिवाय उघड्या माळावर आडवा वारा सुटला म्हणजे उंच कडा शिडाचें काम करते आणि पुढलें चाक हातांतून ओढलें जातें. कार्बनच्या रिमा घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि असती तरी रबरी ब्रेकला मीं त्या घेऊं दिल्या नसत्या. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला तर त्या तापतात, त्यांना निराळें रबर लागतें, आणि जुन्या कार्बन रिमेंतील भेग बाहेरून दिसेलच असें नाहीं. जुनें चाक घ्यावयाचें तर धातूचें घ्यावें, कारण त्याची तपासणी आपणच करूं शकतों : आरे छेडून पाहावेत, चाक फिरवून पाहावें, आणि ब्रेक लागून रिमेची भिंत आंत खोलगट झाली आहे काय तें सरळ पट्टी लावून पाहावें. पुष्कळ रिमांवर झिजेची खूण म्हणून एक बारीक चर असतो. तो नाहींसा झाला कीं रिम संपली.

टायर हाच सर्वांत थोड्या पैशांत सर्वांत मोठा फरक पडणारा भाग. साधे जाड टायर आणि लवचीक, चांगले टायर यांत दोन्ही चाकें मिळून दहा-पंधरा वॅट शक्तीचा फरक पडूं शकतो. आणि बेताचा सायकलस्वार दिवसभर सव्वाशें-दीडशें वॅटांवर चालत असतो. नातवाला २५ मिलिमीटरांचे टायर पाहिजे होते आणि त्यांत तो १२० पौंड हवा भरीत असे, कारण दगडासारखें चाक वेगानें जातें असा त्याचा समज. खडबडीत रस्त्यावर असें चाक उड्या मारतें, आणि प्रत्येक उडींत पायांचा जोर वायां जातो. आम्हीं सायकलींत जागा मोजून २८ मिलिमीटरांचे घेतले व हवा पाऊणशें पौंडांच्या आसपास ठेवली. अशा टायरला रिमेची आंतली रुंदी १७ ते १९ मिलिमीटर असावी. ट्यूबशिवाय, आंत द्रव घालून चालणारे टायर घ्यावेत कीं काय, हा प्रश्न आमच्याकडे वेड्या बाभळीमुळें फार महत्त्वाचा आहे. बारीक काट्याचें भोंक तो द्रव आपोआप बुजवितो. पण उन्हाळ्यांत तो लवकर सुकतो, आणि टायर कडेवर बसविण्यास साध्या पंपाची हवा पुष्कळदां पुरत नाहीं. आम्हीं ट्यूबच ठेवली.

राहतां राहिला तुंबा आणि आरे, आणि येथें मीं मिस्त्रींचें ऐकलें. ते म्हणाले, "गुरुजी, जें चाकूरला मिळत नाहीं तें लावूं नका." सरळ चपटे, विशिष्ट कंपनीचेच चालणारे आरे दिसतात देखणे, तुटले तर टपालानें येईपर्यंत सायकल भिंतीला टेंकून. साधा, टोंकाला वांकविलेला, गोल आरा सायकलच्या बऱ्या दुकानांत मिळतो. फक्त त्याची लांबी आपल्याजवळ लिहून ठेवावी. आणि ३२ आऱ्यांतला एक तुटला तर चाक लचकतें, ब्रेक थोडा सैल करावा लागतो, पण माणूस घरीं पोहोंचतो. तुंब्यांत सुटे छर्रे असले तर ते कोणताही जाणता मिस्त्री साफ करून वंगण भरून देतो. बंद बेअरिंग असलें तर त्यावर ६९०२ असा कांहींतरी आंकडा कोरलेला असतो. तो आंकडा घेऊन जिल्ह्याच्या गांवीं यंत्रांचीं बेअरिंगें विकणाऱ्या दुकानांत गेलें कीं काम होतें. दोन्ही चालतील. ज्या तुंब्याचा सुटा भाग कोणालाच ठाऊक नाहीं, तो चालणार नाहीं.

हिशेब असा झाला. ३२ छिद्रांचा मागला तुंबा, मिश्रधातूची रिम, आरे आणि मिस्त्रींची मजुरी मिळून ७,२००. दोन टायर ३,६००. माळ्यावरून खालीं काढलेल्या जुन्या पुढल्या चाकाचा आऊट काढून, आंतली पट्टी बदलून ३००. राहिलेल्या ९०० रुपयांत दोन ट्यूबा, चार जादा आरे व आरे आंवळण्याची चावी. मजुरीवरून नातू घासाघीस करूं पाहत होता. मीं त्याला गप्प केलें. त्या मजुरींतच तर चाक होतें. मिस्त्रींनीं दोन दिवस घेतले. आरे ताणून झाल्यावर त्यांनीं दोन-दोन आरे मुठींत धरून जोरानें आंवळले, कुरकुर आवाज झाला, चाक पुन्हां किंचित् हललें, पुन्हां सरळ केलें. असें चार वेळां. शंभर किलोमीटर चालवून परत आणण्यास सांगितलें, आणि आम्हीं तें आणलें. या सर्व कामांत त्यांनीं माझ्या पहिल्या खरेदीबद्दल एक शब्दही काढला नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत तिघे मुलगे पुन्हां त्याच रस्त्यानें निघाले. मी नांदेडहून एस.टी.नें लोह्याला जाऊन थांबलों होतों. साडेअकराच्या सुमारास ते आले. नातवानें सायकल माझ्या हातीं दिली आणि तो पाणी प्यावयास गेला. मीं मागलें चाक उचलून फिरविलें. दोन्ही रबरांच्या मधून तें न घासतां फिरत राहिलें. एक-एक आरा छेडून पाहण्याची इच्छा झाली होती, पण मुलांना उशीर झाला असता.

संध्याकाळीं सव्वासहाला मुलीचा फोन आला. "अण्णा, पोहोंचला," एवढें बोलून तिनें तो ठेवून दिला. म्हणजे सकाळीं सहाला निघून सव्वाबारा तास. आतां नातू म्हणतो, पुढलें चाकही मिस्त्रींकडूनच नवें बांधून घ्यावें. मीं त्याला आधीं त्या रिमेवरचा चर शिल्लक आहे काय, तें पाहून कळविण्यास सांगितलें आहे.